साळवे मॅडमचा नकाशा

साळवे मॅडम कुणाच्या केबिनमध्ये बसत नसत. एखाद्या मालकानं बोलावलं तर जायच्या, दारातच उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काय काम काढलं, शेठ?" समोरची खुर्ची पुढं सरकवली तरी बसायच्या नाहीत. "जे बोलायचं ते शनिवारी टेबलावर बोला. इथलं बोललेलं माझ्या ध्यानात राहत न्हाई," असं म्हणून परत फिरायच्या. जालन्यातल्या बियाणं कंपन्यांचे मालक म्हणजे काही साधी माणसं नव्हती. त्यांच्या केबिनबाहेर बाकावर ताटकळणारे लोक मी पाहिले आहेत. मी स्वतःही ताटकळलो आहे. त्यामुळं मॅडमना तसं दारातून वळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाईंची नोकरी दिवाळीपर्यंतसुद्धा टिकायची नाही. ती टिकली. त्यांना काढून टाकायचं धाडस शेवटपर्यंत कुणाला झालं नाही. गेल्या तेव्हा त्या आपल्या पायांनी बाहेर पडल्या.

वत्सला साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या. वडील शाळामास्तर. घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांची मांडणी, एवढंच फर्निचर होतं असं त्या सांगत. परभणीला शेतकीचं शिक्षण घेऊन त्या जालन्यात आल्या तेव्हा जिल्हा नवा नवा होता. बियाण्याचा धंदाही नुकता जोर धरत होता. सहा छोट्या कंपन्यांनी मिळून मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजाराच्या मागं एक तपासणीची खोली भाड्यानं घेतली होती. प्रत्येकाला वेगळी प्रयोगशाळा परवडत नव्हती म्हणून ही भागीदारी, प्रेम म्हणून नव्हे. त्या खोलीच्या प्रमुख या मॅडम. उंच, हातमागाच्या कडक इस्त्रीच्या साड्या, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ आणि बुडाखाली लुना. बोलता बोलता समोरच्या टोपलीतला कुठल्याही बियाण्याचा दाणा उचलून दाताखाली फोडायची सवय. औषध लावलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावू नये म्हणून खोलीतला शिपाई ती पोती कपाटाआड ठेवायचा.

मी त्या सहांपैकी एका कंपनीत फील्ड ऑफिसर होतो. रतनशेठ माझे मालक. हे चित्र मॅडमचं आहे, माझं नाही. पण काही ठिकाणी मी त्यात आहे आणि ज्या बाजूला असायला नको त्या बाजूला आहे. ते गाळून लिहिलं असतं तर मॅडमनीच हा कागद मला परत केला असता. म्हणून जिथं लागेल तिथं माझं सांगेन आणि बाजूला होईन.

आता त्या नकाशाचं सांगायचं तर आधी धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. संकरित बियाणं कंपनीच्या आवारात तयार होत नाही, शेतकऱ्याच्या रानात होतं. नराच्या ओळी, मादीच्या ओळी, असा प्लॉट लावायचा. त्याच्या जवळपास त्याच पिकाचं दुसरं वाण असून चालत नाही. वारा आणि मधमाश्या कुणाचं ऐकत नाहीत. तिकडचे परागकण इकडं आले की बियाण्यात भेसळ होते, लॉट, म्हणजे त्या प्लॉटचं सगळं बियाणं, नापास होतो आणि वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचा माल बियाण्याच्या नव्हे, तेलाच्या घाण्याच्या भावानं जातो. म्हणजे कुणाचा प्लॉट कुठं आहे हे एकमेकांना ठाऊक असणं सगळ्यांच्याच हिताचं. पण प्लॉटचं गाव हेच धंद्यातलं सगळ्यात मोठं गुपित. गाव कळलं की दुसऱ्या कंपनीचा माणूस मोटारसायकलवर तिथं हजर आणि चांगला शेतकरी पुढच्या हंगामाला फुटलेला. त्यामुळं सहा कंपन्या सहा आंधळ्यांसारख्या एकाच जिल्ह्यात प्लॉट टाकत फिरायच्या.

मॅडमनी आल्यावर दोन हंगाम हे पाहिलं. तिसऱ्या हंगामाआधी त्यांनी प्लायवूडचा मोठा तुकडा आणला, त्यावर जिल्ह्याचा नकाशा चिकटवला आणि सहाही मालकांना शनिवारी बोलावलं.

"ज्यानं त्यानं आपले प्लॉट सांगायचे. मी टाचणी लावीन. पिकाचा रंग दिसंल, कंपनीचं नाव दिसणार न्हाई. नावं माझ्यापाशी राहतील. कुणाच्या प्लॉटजवळ कुणी येऊन राह्यलं असंल तर दोघांनाही मी फोन करीन."

रतनशेठ हसले. "अन् आमी न्हाई सांगितलं तर?"

"तर तुम्हाला नकाशा दिसणार न्हाई. आधी दाखवायचं, मंग बघायचं. नुसतं बघायला यायला ही काय जत्रा हाय का?"

मालक लोक उठून गेले. पण पेरणीच्या तोंडावर एक आला, मग दुसरा आला. शेवटी रतनशेठनी मला पाठवलं. मी गावं सांगितली, मॅडमनी टाचण्या लावल्या आणि लगेच म्हणाल्या, "परतूरच्या बाजूचा हा प्लॉट हलवा. तिथं एक आधीच हाय." कोण आहे ते मी विचारलं. त्यांनी टोपलीतला दाणा फोडला. "तुमच्यासारखाच एक हाय. भला माणूस हाय. हलवा."

आम्ही तो प्लॉट हलवला. त्या हंगामात आमचा एकही लॉट भेसळीमुळं नापास झाला नाही आणि रतनशेठ पहिल्यांदा त्या खोलीचं भाडं कुरकुर न करता द्यायला लागले.

पण त्यांना नावं हवी होती. दिवाळीत त्यांनी माझ्या हातून मॅडमकडं मिठाईचा मोठा खोका पाठवला आणि निरोप दिला, "भाऊसाहेबांच्या टाचण्या कोणत्या, तेवढं बोला, बस." भाऊसाहेब म्हणजे दुसऱ्या कंपनीचे मालक, रतनशेठचे जुने प्रतिस्पर्धी. दोघांचे बंगले एका गल्लीत होते आणि सकाळी फिरायला जाताना ते एकमेकांना टाळण्यासाठी वेगवेगळ्या दिशांना निघायचे. मी खोका ठेवला आणि मान खाली घालून निरोप सांगितला. मॅडमनी खोका कपाटात ठेवला. शनिवारी टेबलावर तो खोका उघडला गेला.

"घ्या सगळ्यांनी," मॅडम म्हणाल्या. "रतनशेठनी पाठवलीय. भाऊसाहेबांचे प्लॉट कळावेत म्हणून. भाऊसाहेब, तुम्ही दोन घ्या. तुमच्यामुळंच तर आलीय."

भाऊसाहेबांनी खरोखर दोन बर्फ्या घेतल्या. रतनशेठचा चेहरा लाल झाला, पण मिनिटाभरानं तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. "या बाईला कंपनीत घ्यायला पायजे," ते मला घरी जाताना म्हणाले. "पण मंग माझंबी गुपित ठेवणार न्हाई ती."

शनिवारची बैठक हा मॅडमचा खरा कारखाना होता. नियम एकच. प्रत्येक कंपनीनं त्या आठवड्यात काय फसलं ते सांगायचं. काय जमलं ते सांगायला बंदी होती. "जमलेलं तुम्ही जाहिरातीत छापताच की," त्या म्हणायच्या. जो म्हणेल "आमचं समदं बराबर चाललंय" त्याच्यापुढं चहा ठेवायचा नाही, असं शिपायाला सांगून ठेवलेलं. पहिले काही शनिवार चार-चार कप चहा परत जायचा.

मग सोयाबीनचं झालं. तेव्हा सोयाबीन आमच्याकडं नव्यानं येत होतं आणि त्याच्या बियाण्याची उगवण दर वर्षी सगळ्यांचीच पडत होती. जो तो हे लपवत होता. एका शनिवारी एका कंपनीचा मॅनेजर वैतागून बोलून गेला की मळणीयंत्राचा ड्रम हळू फिरवला तर दाणा कमी फुटतो, तरी उगवण काही वाढत नाही. त्याच्या शेजारचा म्हणाला, आमचा ड्रम पहिल्यापासून हळूच आहे, पण गोदामात वरच्या थप्पीतली पोती जास्त नापास होतात. मॅडम ताडकन उठल्या. "वरच्या थप्पीतली पोती कशी चढवता?" फेकतो, तो म्हणाला. सगळेच फेकत होते. त्या दुपारी मॅडमनी हळू ड्रमवर मळलेली दोन पोती मागवली, खोलीच्या ओट्यावरून एक पोतं स्वतः खाली फेकलं, दुसरं हातावर झेलून ठेवायला लावलं आणि दोन्हींतले दाणे ओल्या वाळूत लावले. आठवड्यानं सहाही मालक त्या दोन ट्रेंपुढं वाकून उभे होते. एका ट्रेमध्ये हिरवी रोपं दाटलेली, दुसऱ्यात मध्ये मध्ये टक्कल. ड्रम हळू फिरवायचा आणि पोतं फेकायचं नाही, ही दोन्ही कामं एकत्र केली तरच उपयोग होतो. ही गोष्ट एकट्या कुणालाच सापडली नव्हती. अर्धी एकाकडं होती, अर्धी दुसऱ्याकडं. त्यानंतर चहाचे कप परत जायचे थांबले.

पुढं नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला. मॅडमनीच हट्ट धरला. "टाचण्या आता मावत न्हाईत. मागच्या सालचं काढलं की विसरून जातं. कुठल्या शिवारात कोणतं पीक कितीदा नापास झालं, हे एका जागी राहिलं पायजे." शिकायला त्या टायपिंगच्या क्लासमध्ये गेल्या, बारावी झालेल्या पोरापोरींच्या शेजारी बसल्या. तिथल्या सरांनी त्यांना विनोदानं विचारलं, "मावशी, या वयात?" तर म्हणाल्या, "मी तुमच्या वयाची होते तेव्हा हा कॉम्प्युटर जन्मला नव्हता, त्याला मी काय करू?" कॉम्प्युटरला त्या पाहुणा म्हणायच्या. वीज गेली की "पाहुणा झोपला". वीज आमच्याकडं रोज जायची. म्हणून सकाळी वीज असेपर्यंत त्या फोनवरून प्लॉटची नोंद घ्यायच्या, कोणता प्लॉट कुणाच्या जवळ येतो ते पाहुण्याला विचारायच्या आणि वीज जायच्या आत कागद छापून घ्यायच्या. दुपारी त्या कागदावरून दोन्ही कंपन्यांना फोन. छत्रपती संभाजीनगरचं तेव्हाचं नाव औरंगाबाद. तिथून मोठ्या कंपनीचे दोन साहेब हे बघायला आले होते. एवढ्याशा गावात स्पर्धक कंपन्या एकमेकांना स्वतःचं अपयश लेखी देतात यावर त्यांचा विश्वास बसेना. "तुम्ही हे कसं जमवलं?" त्यांनी विचारलं. "भांडून," मॅडम म्हणाल्या. आणखी काही खुलासा त्यांनी केला नाही.

आता ज्या हंगामामुळं हे सगळं मोडलं तो सांगतो.

सूर्यफुलाच्या बियाण्याला त्या वर्षी मोठी मागणी होती. रतनशेठना एक चांगलं नर वाण मिळालं होतं आणि त्यांना भीती होती की भाऊसाहेबांची माणसं ते शेतकऱ्याकडून पळवतील. मॅडमवर त्यांचा विश्वास होता, पण खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नव्हता. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं. "कदम, नकाशावर प्लॉट परतूरकडं सांग. लावायचा घनसावंगीकडं. नदीकाठी, शेवटच्या गावाला. तिथं कोण जाऊन राह्यलंय?" मी बरं म्हणालो. घरी दोन लहान मुली होत्या, असं कारण मी पुढं बरीच वर्षं स्वतःला दिलं. खरं कारण एवढंच की मला नाही म्हणायची सवय नव्हती. मी मॅडमना फोन केला आणि परतूरकडचं गाव सांगितलं. त्यांनी ते पाहुण्यात घातलं. "छान. तिकडं मोकळंय," म्हणाल्या.

भाऊसाहेबांनीही अगदी हेच केलं होतं. त्यांनाही रतनशेठची भीती होती. त्यांनी प्लॉट जाफराबादकडं सांगितला आणि कोणी जाणार नाही असं गाव शोधत शोधत ते पोचले तेही घनसावंगी तालुक्यात, नदीकाठी, त्याच शेवटच्या गावाला. एका बांधाच्या अलीकडं रतनशेठचं सूर्यफूल, पलीकडं भाऊसाहेबांचं. दोन्ही शेतकऱ्यांना कंपनीनं बजावलेलं, कुणापाशी बोलायचं नाही. ते बोलले नाहीत. एकमेकांना रोज रामराम करत राहिले.

फुलं उमलली तेव्हा मी तिथं गेलो. दोन्ही रानं पिवळीधमक होती. मधमाश्यांचा असा आवाज येत होता की मोटारसायकल बंद केल्यावरही ती चालूच आहे असं वाटलं. बांधावर मी बराच वेळ उभा राहिलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन्ही लॉट नापास झाले.

मॅडम लुना घेऊन एकट्या त्या गावाला गेल्या. दोन्ही शेतकऱ्यांना भेटल्या. आमच्या बाजूच्या रानात अंजनाबाई नावाची विधवा बाई होती. तिनं मॅडमना विचारलं, "बाई, एवढा मोठा जिल्हा. दोघंबी आमच्याच गावात कशापायी आले?" या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि मॅडमनाही तिथंच कळलं. ते त्यांनी मला नंतर, पहिल्यांदाच अरे-तुरे करत सांगितलं. "कदम, तिनं मला विचारलं रे. तुला विचारायला पायजे होतं."

शनिवारी बैठक भरली. सहाही मालक आले. रतनशेठ आणि भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले होते.

"या नकाशानं नुकसान केलं आमचं," भाऊसाहेब म्हणाले. "गुपित राहिलं असतं तर असं झालं नसतं."

"बराबर," रतनशेठ म्हणाले. "कॉम्प्युटर कायको पायजे? बंद करून टाका."

मॅडम उभ्या राहिल्या. "नकाशानं तुमचे प्लॉट तिथं नेले का? मला परतूर सांगितलं, जाफराबाद सांगितलं. कुणी सांगितलं ते बोलावं. इथंच बसलेत दोघं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग भाऊसाहेबांच्या माणसाकडं पाहिलं. "मालकांना मी विचारत न्हाई. ज्यानं फोन केला त्यानं बोलावं."

मी बोललो नाही. तोही बोलला नाही. बाकीच्या चार मालकांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. कारण पुढच्या हंगामात त्यांनाही असंच करायचं असेल, हे त्यांना समजलं होतं.

मॅडम मागच्या फळ्याकडं वळल्या आणि त्यांनी खडू घेतला. त्या फळ्यावर दर शनिवारी कंपनीनिहाय अपयश लिहायची पद्धत होती. त्यांनी सगळ्यात वर लिहिलं: "व. साळवे. मिळालेली माहिती खरी आहे का ते शिवारात जाऊन तपासलं नाही. त्यामुळं दोन शेतकऱ्यांचा हंगाम गेला." खाली सही केली. मग त्याच्याखाली दोन ओळी आखून रिकाम्या सोडल्या आणि खडू टेबलावर ठेवला.

"या दोन भरा," त्या म्हणाल्या.

कुणी खडू उचलला नाही. रतनशेठ म्हणाले, "मॅडम, तुमी कायको अपने पर घेता? तुमची नोकरी काय जात न्हाई. फक्त नकाशा बंद, बस. बाकी तपासणी चालू ठेवा, पगारात वाढ करू."

"पगार वाढवून काय पोटात घालू, शेठ? दाणे?" मॅडम म्हणाल्या. "अंजनाबाईला कोण जाऊन सांगणार, की तुझं रान का गेलं? तुम्ही जाणार? न्हाई. मी जाऊन आले. आता मला इथं बसून कुणाचे दाणे उगवतात ते मोजायचं न्हाई. पाहुणा ठेवा तुमचा. पैसे तुम्ही दिले होते. पण यातली एक ओळसुद्धा तुमची न्हाई. ज्यांच्या रानाची हाय त्यांच्याकडं चालले मी."

भाऊसाहेब उपहासानं म्हणाले, "शेतकरी कॉम्प्युटर चालवणार हाय का मंग?"

"तुम्ही तरी कुठं चालवला? खोटं घातलं, खोटं निघालं."

आणि त्या गेल्या. लुना पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्या, तिसऱ्याला झाली. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. मालक हसले नाहीत. त्या सोमवारी सहाही कंपन्यांनी मिळून खोलीतलं नकाशाचं काम बंद केलं. शिपायानं फळा पुसला नाही. बरेच दिवस त्या दोन रिकाम्या ओळी तिथं होत्या, मग कुणीतरी त्यावर रंग मारून घेतला. मला बढती मिळाली. का मिळाली हे रतनशेठनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

मॅडमविषयी पुढं तुकड्या-तुकड्यांनी कानावर यायचं. घनसावंगीला खोली घेतली. आठवडी बाजारात शेतकऱ्यांशी बोलत बसतात. एका पतसंस्थेत कॉम्प्युटर होता, तिथं सुट्टीच्या दिवशी बसून काम करतात. कुणी म्हणालं वेड लागलं. कुणी म्हणालं राजकारणात जाणार. कंपन्यांच्या ऑर्गनायझरांना, म्हणजे गावोगावी प्लॉट जमवून देणाऱ्या माणसांना, त्यांनी एकेकाला गाठलं असंही समजलं. "तुमची कंपनी गाव लपवती, तुमचं रान लपत न्हाई," असं त्या त्यांना सांगत होत्या म्हणे. रतनशेठ हे ऐकून चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, "काय म्हणते साळवे बाई?"

मग बऱ्याच वर्षांनी, एका पेरणीच्या आधी, रतनशेठनीच मला घनसावंगीला पाठवलं. तिथं भिंतीवर काहीतरी रंगवलंय, सगळ्या कंपन्यांचे प्लॉट उघड दिसतात म्हणे. जा आणि उतरवून आण.

प्रवाशांची जीप जिथं उतरवते त्या चौकातच ती भिंत होती. कापसाच्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवाराची लांबच लांब भिंत. तिला पांढरा रंग दिलेला आणि त्यावर तालुक्यातली गावं, शिवारं, कालवे, नदी. मध्ये मध्ये रंगीत चौकोन. पिवळा सूर्यफुलाचा, तांबडा ज्वारीचा, हिरवा मिरचीचा. प्रत्येक चौकोनात कंपनीचं नाव आणि शेतकऱ्याचं नाव, दोन्ही मोठ्या अक्षरांत. काही लपवलेलं नव्हतं. एका कोपऱ्यात मागच्या सालचे नापास लॉट काळ्या रंगात होते, कारणांसकट. भिंतीपुढं दोन-तीन कंपन्यांच्या जीपा थांबलेल्या आणि माणसं वह्या काढून उतरवून घेत होती. शेतकरी त्यांच्याकडं बघत बिड्या ओढत होते. कुणीतरी म्हणालं, "बघा बघा, इकडं तुमच्या मालकाचं तांबडं चुकलंय. ते रान माझ्या मेव्हण्याचं हाय, तो यंदा कापूस लावणार हाय." भिंतीवर खोटं लिहिलं तर ते दुपारपर्यंत टिकत नव्हतं. ज्याचं रान तो तिथंच उभा असायचा.

मॅडम एका स्टुलावर बसून होत्या. केस पांढरे झालेले. साडी तशीच कडक. घड्याळ तेच. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "या कदम. उतरवून घ्यायला आलात?"

मी हो म्हणालो. खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं.

"घ्या. भिंत सगळ्यांची हाय." मग म्हणाल्या, "पण तुमच्या कंपनीचे यंदाचे सूर्यफुलाचे प्लॉट अजून न्हाई आलेत इथं. बाकीच्यांचे आलेत. भाऊसाहेबांचेसुद्धा. ते स्वतः आले होते, गाडीतून उतरले न्हाईत, काच खाली करून सांगितलं. पण सांगितलं."

माझ्या खिशात प्लॉटची यादी होती. रतनशेठनी ती कुणाला दाखवायची नाही असं बजावून दिली होती. नवी नोकरी मिळायचं माझं वय राहिलं नव्हतं. मोठ्या मुलीचं लग्न ठरत होतं. एवढं सगळं मी विचारात घेतलं. मॅडम वाट बघत होत्या. घाई करत नव्हत्या. त्यांनी माझ्यावर दयाही दाखवली नाही, हे मला बरं वाटलं. भिंतीला टेकलेल्या शिडीवर पेंटर करीमभाई पिवळ्या रंगाचा डबा हातात धरून थांबले होते.

मी यादी काढली आणि पहिल्या गावाचं नाव घेतलं.

"जोरात बोला," मॅडम म्हणाल्या. "करीमभाई वर हायत. त्यांना ऐकू न्हाई आलं."

मी पुन्हा बोललो. गाव, शेतकऱ्याचं नाव. बिड्या ओढणाऱ्यांपैकी दोघं वळून बघायला लागले.

"कंपनी कौनसी?" करीमभाईंनी वरून विचारलं.

मी रतनशेठच्या कंपनीचं नाव घेतलं, पार चौकापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. एका जीपचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघायला लागला. करीमभाईंनी ब्रश बुडवला आणि नदीच्या अलीकडं एक पिवळा चौकोन काढायला सुरुवात केली.

"पुढचं गाव?" मॅडम म्हणाल्या.